पुनारामची पोरगी लंकेला चालली

किरनापुरच्या मुलींच्या शाळेत सीता रामटेके वर्षभरापासून तात्पुरत्या जागेवर शिकवत होती. सकाळच्या बसनं बालाघाटहून जायचं आणि शाळा सुटली की परतीची बस धरायची, हा तिचा नेम. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती स्टँडवर आली तेव्हा बस लागलेलीच होती, आणि कंडक्टर भैयालाल दारात उभा राहून तिचीच वाट बघत असल्यासारखा दिसत होता. एरवी हा माणूस 'आगे बढ़ो' याच्यापलीकडे कोणाशी बोलायचा नाही. आज त्यानं ड्रायव्हरच्या मागच्या बाकावरून एका पागोटेवाल्याला उठवलं, गमछ्यानं बाक पुसला आणि म्हणाला, "बैठिए बहनजी. आज आप इधर बैठिए."

सीता बसली, पण बाकाच्या कडेवरच. एवढा मान माणसाला दोनच वेळी मिळतो, लग्नात आणि घरात काही वाईट घडल्यावर. लग्न तर अजून ठरलं नव्हतं.

"आपके बाबूजी ने तो आज दुकान ही बंद कर दी," भैयालाल म्हणाला.

पुनारामचं सायकल दुरुस्तीचं दुकान बालाघाटच्या बस स्टँडसमोर होतं. तापानं फणफणलेला असला तरी तो तिथं येऊन पंक्चर काढत बसायचा. ते दुकान भरदिवसा बंद झालेलं सीतानं कधी पाहिलं नव्हतं.

"काहून? का झालं?" ती मराठीतच बोलून गेली.

भैयालालनं काहीतरी उत्तर दिलं, पण तेवढ्यात ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं आणि त्या धडधडीत तिच्या कानावर एकच शब्द आला: लंका. मागून एक म्हातारी दुसरीला विचारत होती, "पुनारामची पोरगी ते हेच का व? लंकावाली?"

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वॉर्डात आग लागली होती आणि चार घरं राख झाली होती, तेव्हा सगळं गाव 'लंका झाली, लंका झाली' असंच म्हणत होतं. सीताच्या डोळ्यांसमोर आपलं कौलारू घर आलं, माय आली, चूल आली, चुलीशेजारी रचलेल्या तुराट्या आल्या. ती उभी राहिली आणि दांडी धरून सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "घर जळलं का आमचं? माय कशी हाये?"

पागोटेवाला पहिल्यांदा हसला, आणि त्याच्यामागून ती लाट शेवटच्या बाकापर्यंत गेली.

"घर नाही जळलं व बाई," म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "तुही तार आली. तू लंकेले चालली म्हणते शिकाले. तुले मालूमच नाही का?"

नाही, सीताला माहीत नव्हतं. बालाघाट ते किरनापुर रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला, कंडक्टरला, आणि दुपारपासून त्यांच्या गाड्यांत बसलेल्या झाडून सगळ्या उतारूंना माहीत होतं. जिच्या नावानं तार आली तिला तेवढी बातमी नव्हती. ती मटकन खाली बसली. आधी तिला रडू आल्यासारखं वाटलं, पण तोंडातून निघालं ते हसू, आणि ते थांबेना. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला तरी खांदे हलतच राहिले.

ह्याच हसण्यानं मुलाखतीत सगळा घोटाळा झाला, असं इतके दिवस तिला वाटत होतं.

त्याचं असं झालं होतं. बी. ए. च्या निकालानंतर तिनं नागपूरच्या पेपरात एक जाहिरात वाचली. सिलोनमधली एक संस्था भारतातल्या पदवीधरांना पाली शिकायला दोन वर्षांची शिष्यवृत्ती देणार होती, राहणं, जेवण, जाणं-येणं सगळं त्यांच्याकडे. बी. ए. ला सीताचा विषय संस्कृत होता. पाली तिला येत होती ती वॉर्डातल्या विहारात रोज संध्याकाळी म्हणतात तेवढीच. तरी तिनं अर्ज केला, आणि मार्चमध्ये नागपूरला मुलाखतीचं बोलावणं आलं. बापाला घेऊन ती गेली. इंग्रजीतलं एक मोठं उत्तर तिनं घोकून ठेवलं होतं, प्राचीन भाषांचं महत्त्व वगैरे. मुलाखतीच्या टेबलापलीकडे दोन प्राध्यापक होते आणि मधोमध सिलोनचे एक वयस्क भंते. भंतेंनी तिच्या कागदावर नजर टाकली, चष्मा वर केला आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं इंग्रजीत म्हणाले, "तुमचं नाव सीता. मागच्या खेपेला तुमच्या देशातून या नावाची बाई आमच्याकडे आली होती, तेव्हा आम्हांला फार त्रास झाला."

सीता आठ वर्षांची होती तेव्हा, छप्पन्न साली, तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरातल्या जुन्या तसबिरी गेल्या, पण शाळेच्या दाखल्यात नाव लागलेलं होतं ते तसंच राहिलं. त्या नावावरून आणि लंकेवरून कोणी काही बोलेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला हसू फुटलं. प्राध्यापक गंभीर, भंते गंभीर, आणि ही आपली हसतेय. हसता हसता घोकलेलं उत्तर पार पुसून गेलं. मग पाली कशाला शिकायची हा प्रश्न आला तेव्हा तिच्याकडे खरं तेवढंच शिल्लक होतं.

"माझी आई रोज विहारात वंदना म्हणते," ती म्हणाली. "घरी आली की मला एकेका शब्दाचा अर्थ विचारते. बी. ए. झाले तरी मला निम्मे सांगता येत नाहीत. मग आई म्हणते, तू कॉलेजात करत काय होतीस."

एका प्राध्यापकानं हे इंग्रजीत करून सांगितलं. भंतेंनी तिला वंदना म्हणायला सांगितली. तिनं म्हटली, आपल्या वॉर्डातल्या बायका म्हणतात त्याच चालीत, आणि ती चाल होती जात्यावरची, तिला दुसरी येतच नव्हती. म्हणून झाल्यावर भंतेंनी तिच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर बापानं विचारलं, "कसा झाला?" ती म्हणाली, "बाबा, मी हसलो तिथी. सोडा आता तो विषय." आणि दोघांनी तो विषय खरोखरच सोडला होता.

बस बालाघाटला पोचली तेव्हा पुनाराम बंद दुकानासमोर स्टुलावर चढून उभा होता. त्याच्या हातात ती तार होती, आणि दिवसभर इतक्या हातांतून फिरल्यामुळे तिला ग्रीसचे डाग पडले होते. सीता उतरली तसा तो स्टुलावरून उतरला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मागे वळून त्यानं दोनतीन अनोळखी माणसांना सांगितलं, "हेच ते." त्या माणसांनी नमस्कार केला. त्यांना गोंदियाच्या बसमध्ये बसायचं होतं, पण ती बसही निघायचं नाव घेत नव्हती, कारण तिचा ड्रायव्हर पुनारामनं वाटलेली जिलेबी खात होता.

वॉर्डात तर वेगळाच गोंधळ माजला होता. सिलोन म्हणजे कुठं हे फार थोड्यांना माहीत होतं, पण रेडिओवर गाणी लागतात ते सिलोन मात्र पोरासोरांनाही ठाऊक. तेव्हा सीता त्याच सिलोनला चालली हे कळताच बायका फर्माइशी घेऊन यायला लागल्या. कोणाला आपलं नाव रेडिओवर ऐकायचं होतं, कोणाला नवऱ्याचं. फकिरा नावाचा बँडवाला तर म्हणाला, "तिथल्या सायबाले सांगजो, बालाघाटले एक क्लॅरोनेट वाजवणारा हाये." सीतानं सगळ्यांना हौ म्हटलं. त्या दिवशी तिच्या तोंडून नाही हा शब्द निघणंच शक्य नव्हतं. पाय जमिनीवर ठेवावा तर जमीनच हलकी लागत होती.

घरात तिची माय मैनाबाई तेवढी गप्प होती. ती भाकऱ्या थापत होती, आणि एरवीपेक्षा जोरानं थापत होती.

"माय, तू काहून बोलत नाहीस?" सीतानं चुलीजवळ बसून विचारलं.

"बोलू का? रविवारी हट्ट्याचे पाहुणे येऊन राह्यले. त्याईले का सांगू मी?"

हट्ट्याच्या पाहुण्यांचं सीता साफ विसरली होती. मुलगा हिरालाल मेश्राम, बी. एस्सी., भरवेलीच्या मॅंगनीजच्या खाणीत ऑफिसात नोकरीला. त्याची आई नव्हती, आत्या जिजाबाईनंच त्याला वाढवलेलं. ही जिजाबाई मोठी ठसक्याची बाई, आणि तिनं दिवस दिला की तो मोडायची हिंमत दोन्हीकडच्या पाहुण्यांत कोणाची नव्हती.

"येऊ दे," सीता म्हणाली. "मी सांगतो त्याईले."

"तू का सांगशीन?"

सीताला ते माहीत नव्हतं. पण त्या आठवड्यात तिला कशाचीच भीती वाटत नव्हती.

रविवारी सकाळी जिजाबाई आली ती नऊवारी कडक इस्त्रीची नेसून, आणि दारातच म्हणाली, "हे का ऐकून राह्यलो आम्ही? पोरगी परदेशी चालली?" मैनाबाईनं मान खाली घातली. पुनाराम काही बोलायला गेला, पण जिजाबाईनं त्याला हातानं थांबवलं. "मंग त लगन लवकर उरकावं लागते. जायच्या आंधी. परदेशातून शिकून आलेली सून आमच्या अख्ख्या खानदानात नाही."

असं काही होईल हे कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. पुनाराम मैनाबाईकडे बघायला लागला, मैनाबाई पुनारामकडे. सीता चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कपबशा किणकिणायला लागल्या, कारण तिला पुन्हा हसू येत होतं.

हिरालाल खाली बघत बसला होता. उंच, काळासावळा, आणि खिशाला दोन पेनं. चहा झाला तसा तो आत्याला हळूच म्हणाला, "आत्या, मले त्याईच्याशी दोन शब्द बोलाचे हायेत."

"बोल ना. शिकलेले लोक तुमी," जिजाबाई खूश होऊन म्हणाली.

अंगणात पेरूचं झाड होतं. ओसरीवरून दिसायचं सगळं, ऐकू काही यायचं नाही. तिथं एक खाट टाकलेली होती. सीता उभीच राहिली. मनाशी तिनं वाक्य जुळवून ठेवलं होतं: मी आधी शिकून येते, तुम्ही थांबू नका. ती बोलणार तेवढ्यात हिरालालनंच घसा खाकरला.

"एक विचारू का? राग येणार नाही ना?"

"विचारा."

"ही शिष्यवृत्ती तुमाले कशी भेटली? म्हणजे अर्ज कोठी कराचा, कसा लिवाचा. मुलाखतीत का विचारतात."

सीताचं जुळवून ठेवलेलं वाक्य तसंच राहून गेलं.

"मले जिऑलॉजी कराची हाये," तो भराभरा बोलायला लागला. दोन वर्षं कोणाशी न बोललेलं एकदम सांडावं तसं. "एम. एस्सी. सागरले. रोज ऑफिसात बसून मी हाजरी लिवतो, आन् समोर मॅंगनीजचे ढीग पडून असतात. हातात एखादा दगड घेतला की वाटते, हा अठी कसा आला असन. तिकडे मलाजखंडच्या डोंगरात तांबं हाये म्हणून सरकारचे लोक येऊन राह्यले, छिद्र पाडून राह्यले. मले त्याईच्यासारखं काम कराचं हाये. पण घरी सांगतलं त आत्या म्हणते, लागलेली नोकरी कोण सोडते. मंग मी म्हटलं, पोरगी पाहाले त जातो, पण तिले हेच विचारतो."

"म्हणजे तुमी मले पाहाले नाही आलात."

"आलो ना," हिरालाल गोंधळला. "पण पहिले हे विचाराचं होतं."

आता मात्र सीता खाटेवर बसली आणि मोकळेपणानं हसली. तोही हसला, आधी ओशाळून आणि मग चांगला खदखदून. तिनं घरातून वही आणली. सागरच्या विद्यापीठात शिष्यवृत्त्या असतात हे तिला कॉलेजातल्या सूचनाफलकावरून माहीत होतं. अर्ज रजिस्ट्रारच्या नावानं करायचा, दाखल्यांच्या नकला कोणाकडून खऱ्या करून घ्यायच्या, प्राध्यापकांची शिफारस कशी मागायची, ते सगळं ती सांगत गेली आणि तो मांडीवर वही घेऊन लिहीत गेला. आपल्याला हा विषय का शिकायचा आहे, हे त्यानं इंग्रजीत मोठ्या शब्दांत लिहायला घेतलं तेव्हा सीतानं त्याला थांबवलं.

"हे काटा. आत्ता मले सांगतलं ना, दगड हातात घेतल्यावर का वाटते, तेच लिवा."

"असं लिवलं त हसतीन ना ते."

"हसू द्या. मी बी हसलो होतो तिथी, तरी तार आली."

ओसरीवर जिजाबाई हे सगळं बघत होती. दोन डोकी एका वहीवर वाकलेली, मधूनच हसणं, पुन्हा लिहिणं. "जमलं," ती मैनाबाईच्या मांडीवर थाप मारून म्हणाली. "पाहा, आतापासूनच यादी करून राह्यले. मी म्हणतो, वैशाख पौर्णिमेच्या आठ दिवस आंधी उरकून टाकू." पुनारामनं कॅलेंडर काढलं. मंडप कुठं घालायचा, बँड फकिराचा की गोंदियाचा, इथवर बोलणी गेली. दोघं अंगणातून परत आले तेव्हा जिजाबाईनं साखरेची वाटी पुढे केली.

"आत्या," हिरालाल म्हणाला, "मी सागरले अर्ज करून राह्यलो. एम. एस्सी. ले. शिष्यवृत्ती भेटली त नोकरी सोडतो."

वाटी हवेतच राहिली.

"आन् लगन?"

हिरालालनं सीताकडे पाहिलं. सीताच बोलली, आणि बोलताना आपला आवाज इतका शांत कसा याचं तिलाच नवल वाटलं. "आत्या, मले दोन वर्षं शिकाचं हाये. याईले बी दोन वर्षं शिकाचं हाये. आत्ता लगन केलं त मी सिलोनले, हे सागरले, आन् सून म्हणून तुमच्या घरी कोण राहीन? शिकून आल्यावर याईले वाटलं त येतीन पुन्हा. मले वाटलं त मी हौ म्हणीन. आज कोणी कोणाले बांधू नका."

जिजाबाईनं वाटी खाली ठेवली. पुनारामनं कॅलेंडर हळूच पाठीमागे लपवलं. सगळ्यांना वाटलं, आता ही बाई उठून जाणार. पण ती चिवड्याच्या ताटलीकडे वळली, एक मोठी मूठ भरली आणि म्हणाली, "म्हणजे पोरगी पाहाले आणलं आन् पोरगंच हातचं गेलं. बरं. अर्ज त नीट लिवला का त्याचा? की तोबी अर्धाच ठेवला?"

त्यावर मैनाबाई हसली. तार आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला ते आवरेना. तिला हसताना पाहून जिजाबाईलाही आवरेना. दोघी बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसल्या, आणि पुरुष मंडळी कशाला हसावं ते न समजून त्यांच्यात सामील झाली. त्या दुपारी जिजाबाई जेवून गेली, आणि जाताना पुनारामला बजावून गेली की पासपोर्टच्या कामात कोणी अडवलं तर मला निरोप द्या, मी येतो.

कोणी अडवलं नाही. पासपोर्ट आला, टोचून घेणं झालं, किरनापुरच्या शाळेतल्या मुलींनी निरोपाचं गाणं म्हटलं आणि मधेच विसरल्या. हिरालालला सागरहून बोलावणं आलं. तिथून त्यानं सीताला एक कार्ड टाकलं: दगडाचं लिहिलं होतं तेच त्यांनी विचारलं, जागा मिळाली, जुलैत जातो.

निघायचा दिवस उजाडला. नागपूरला आणखी दोन निवडलेले विद्यार्थी भेटणार होते, तिथून मद्रास, मग रामेश्वर, मग बोट. पण पहिला टप्पा गोंदियापर्यंतच्या छोट्या गाडीचा. फलाटावर वॉर्ड लोटला होता. फकिरानं बँड आणला होता. मैनाबाई डब्यात चढली, सीताची बिछान्याची वळकटी नीट बाकाखाली सरकवली, डबा खिडकीजवळ ठेवला, पाण्याची सुरई पायाशी ठेवली. शिटी झाली. पुनाराम बाहेरून म्हणाला, "उतर आता."

मैनाबाई पदर सावरून सीताशेजारी बाकावर बसली. "मी गोंदियापर्यंत येतो," ती म्हणाली, जणू हे महिनाभर आधीच ठरलं होतं.

"तिकीट?"

"तू घे."

गाडी हलली. छोट्या लाइनीची गाडी ती, माणसाच्या चालीनं निघायची. मैनाबाईच्या चपला फलाटावरच राहिल्या होत्या, चढताना तिनं देवळात शिरावं तशा काढून ठेवल्या होत्या. पुनारामनं त्या उचलल्या आणि तो गाडीसोबत चालायला लागला, मग पळायला लागला. एक चप्पल त्यानं खिडकीतून आत टाकली, ती बरोबर समोरच्या बाकावरच्या शेठजीच्या मांडीत पडली. दुसरी टाकायला हात उचलला आणि त्याच्या लक्षात आलं की फलाट संपत आलाय. तेव्हा त्यानं दुसऱ्या चपलेसकट दांडी धरली आणि तोही वर चढला.

"बाबा, दुकान?" सीता म्हणाली.

"उघडं हाये," पुनाराम धापा टाकत म्हणाला. "कोणी हवा भरून घेतली त घेईल."

बँडचा आवाज मागे मागे गेला. शेठजीनं चप्पल दोन बोटांत धरून परत दिली आणि विचारलं, कुठं चाललात. तिघंही एकदम बोलायला लागले, कोणाचंच पुरं होईना. बाहेर बांध घातलेली, नांगरलेली धानाची शेतं सावकाश फिरत होती. सीताला वाटत होतं, गाडी अजून सावकाश चालावी, आणि त्याच वेळी वाटत होतं, आत्ताच समुद्र यावा. तिनं मायचा हात घट्ट धरला होता. मैनाबाईनं तो सोडवून घेतला तो फक्त डबा उघडण्यापुरता. मद्रासपर्यंत पुरावं म्हणून बांधलेल्या त्या तिखटाच्या पुऱ्या हट्टा रोड यायच्या आत अर्ध्या संपल्या, आणि शेठजीलाही चार मिळाल्या.